सुकदेवनानांचा फ्लोअर गिअर

सुकदेवनाना बोरशांनी आपल्या ॲम्बॅसेडर गाडीची किंमत अडतीस हजार सांगितली आणि समोरच्या माणसाने ती मान्य केली, तिथेच सगळे बिघडले.

नानांच्या मनात पस्तीस होते. वरचे तीन घासाघिशीसाठी ठेवले होते. वरणगावच्या फॅक्टरीत स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, मागणी किती करायची आणि मंजूर किती होते यातले अंतर त्याला पाठ. पण शिरपूरकडचे लोटनआबा घासाघीस करायलाच तयार नव्हते. ते आईला घेऊन एस.टी.ने जळगावला आले. भिकुबाई गाडीत पुढच्या सीटवर मधोमध बसल्या, एका बाजूला गाडी चालवणारा पुतण्या निंबा, दुसऱ्या बाजूला आबा. तिघे पाळधीपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर आबांनी आईकडे पाहिले. आईने मान हलवली. आबांनी धोतराच्या सोग्यातून पाचशे रुपये काढले, इसार दिला, नारळ फोडला, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी येऊन उरलेले पैसे देतो आणि गाडी नेतो म्हणाले. सणाला लेकींना सासरहून आणायचे होते.

दुसऱ्या एखाद्याला तीन हजार जास्त मिळाले म्हणून बरे वाटले असते. नानांना रात्रीच्या जेवणापर्यंत निदान चार हजार कमी मिळाल्यासारखे वाटू लागले.

"एका शब्दाने कमी कर म्हणाला नाही," ते ताटावर बसून म्हणाले. "म्हणजे आपणच कमी सांगितले."

"अडतीसमध्ये स्लॅब पडतो ना?" यशोदाबाईंनी विचारले.

यशोदाबाईंचा या व्यवहाराशी एवढाच संबंध होता, पण तो घट्ट होता. त्यांच्या स्वयंपाकघरावर पत्रे होते. जळगावचा उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढला त्याला पुढचे सांगायला नको, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. बारा वर्षे नाना स्लॅब टाकू म्हणत होते. या वर्षी गाडी विकून टाकणार होते. मिस्त्री ठरला होता, वाळू दारात येऊन पडली होती, आणि गल्लीतल्या मांजरांनी ती आपली समजून वापरायलाही घेतली होती.

इसाराच्या वेळी झुलाल हजर होता. झुलाल देवरे म्हणजे यशोदाबाईंचा धाकटा भाऊ, धुळ्याचा. तो पाहुणा म्हणून आला की सल्ला देई, आणि सल्ला संपला की जाई. नानांची खंत ऐकून त्याने कारण लगेच शोधून काढले.

"दाजी, हँड गिअरची गाडी म्हणून अडतीस. आता सगळ्यांना फ्लोअर गिअर पाहिजे. स्टिअरिंगखालची दांडी काढा, गिअर खाली घ्या. दोन हजार खर्च. गाडी बेचाळीसला जाईल."

"पण सौदा तर झालाय."

"सौदा हँड गिअरच्या गाडीचा झालाय. फ्लोअर गिअरची गाडी त्याने पाहिली कुठे?"

हा युक्तिवाद नानांना कायद्याला धरून वाटला. झुलाल स्वतः हिरव्या ॲम्बॅसेडरमधून आला होता आणि तिलाही हँड गिअरच होता, पण हा मुद्दा निघाला नाही.

अजिंठा चौफुलीजवळ रमजान मिस्त्रीचे गॅरेज होते. रमजानला कुठलेही काम सांगितले की तो म्हणे, "हो जायेगा नाना," आणि ते होतही असे. त्यासोबत आणखी काय काय होईल हे तो सांगत नसे, कारण कोणी विचारत नसे. धुळ्याच्या भंगार बाजारात एका उलटलेल्या गाडीचा गिअर बॉक्स मिळाला. तो पंधराशेला आला. नानांनी उरलेल्या पाचशेत बसवणावळ धरली होती.

गिअर बॉक्स बसला. मग दांडी वर यायला गाडीच्या तळाला भोक पाडावे लागले. भोकातून दांडी वर आली ती बरोबर पुढच्या सीटच्या मध्यावर. ती सीट सलग होती, बाकड्यासारखी, या दारापासून त्या दारापर्यंत.

"सीट काटनी पडेगी," रमजान म्हणाला.

हे ऐकून यशोदाबाई रिक्षा करून गॅरेजवर गेल्या. मागच्या वर्षीच त्यांनी त्या सीटला नवे रेक्झिन लावून घेतले होते, तपकिरी रंगाचे, पिवळ्या शिलाईचे. कापायची नाही, असे त्यांनी सांगितले आणि सीट हातगाडीवर टाकून घरी आणली. ओट्यावर ठेवली. दुपारी गल्लीतल्या बायका तिच्यावर बसून गहू निवडू लागल्या.

आता पुढे दोन वेगळ्या सीटा लागणार होत्या. एक मिळाली ती जीपची. दुसरी मेटॅडोरची, आणि ती वीतभर उंच होती. त्यामुळे चालवणारा खड्ड्यात बसल्यासारखा दिसे आणि शेजारचा सिंहासनावर. शेजारचा उंच असला तर त्याचे डोके छताला लागे. भोकातून इंजिनाची गरम हवा थेट मांडीवर येऊ लागली, म्हणून यशोदाबाईंकडून जुन्या छत्रीचे कापड आणून दांडीभोवती शिवले. नव्या बॉक्सला जुनी वायर जोडल्यावर वेगाचा काटा बिथरला. गाडी सायकलीच्या मागे असली तरी तो साठ दाखवी. आणि दांडी मुळात दुसऱ्या गाडीची, जरा लांब. पुढचे चारही गिअर नीट पडत, पण रिव्हर्स टाकताना ती शेजारच्याच्या गुडघ्यावर जाऊन आदळे.

"बाजूवाल्याने पाय वर घ्यायचा," रमजानने उपाय सांगितला. "सिरफ रिव्हर्समध्ये."

दोन हजारांचे काम पाच हजार दोनशेला झाले. नानांनी हिशोब नव्याने मांडला. बेचाळीस घेतले तर आपण होतो त्याहून मागे जातो, म्हणून किंमत पंचेचाळीस करायला हवी. हा हिशोब बरोबर होता. त्यात लोटनआबा मात्र कुठे नव्हते.

सवय व्हावी म्हणून नाना रोज गाडी काढू लागले. वीस वर्षांची सवय डाव्या हाताला होती. नेरी नाक्यावर गर्दीत तो हात स्टिअरिंगखाली जाई, तिथे हवा चाचपडे, आणि मागचे हॉर्न वाजवत. एकदा घाईत त्यांनी गिअर समजून शेजारी बसलेल्या तोताराम पोस्टमनचा गुडघा धरला आणि पुढे ढकलला. तोताराम तेव्हापासून त्यांचे टपाल लांबूनच टाकी.

आखाजीला आठवडा राहिला तेव्हा लोटनआबा आले, बरोबर भिकुबाई आणि निंबा. आबांच्या हातात पैशांची कापडी पिशवी होती. नानांनी चहा सांगितला आणि भाषण सुरू केले. जमाना कसा बदलला, शहरात आता कसे सगळे फ्लोअर गिअर, आपण आबांसाठी म्हणून किती धावपळ केली. पंचेचाळीसचा आकडा त्यांनी भाषणाच्या शेवटी ठेवला होता. तिथपर्यंत ते पोचले नाहीत. आबांनी गाडीचे दार उघडले होते.

आबांनी दांडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक सीट पाहिली. मग म्हणाले, "नाना, मन्ही माय कोठे बसी?"

नानांनी मेटॅडोरची सीट दाखवली. आबा म्हणाले, तिथे माय बसेल, पण मग मी कुठे? मागे तीन लेकी, त्यांच्या मांडीवर पोरं. निंबा चालवणार. माय मागे बसली की तिला उलटी होते, खिडकीशी बसली की वारा लागून डोके धरते. तिला मध्येच बसावे लागते, दोन्हीकडे आपले माणूस. वर्षभर गाड्या पाहिल्या, पण अशी सलग सीट नानांचीच मिळाली. म्हणून तर किंमत विचारली तेव्हा तोंड उघडले नाही.

"त्या जागानाच पैसा," आबा म्हणाले, "मी तुमले दी राह्यंतू."

तरीही नाना म्हणाले, एक चक्कर मारून बघू. भिकुबाईंना सिंहासनावर बसवले. आबा मागे बसले. गल्ली अरुंद, गाडी उलटी काढावी लागे. नानांनी रिव्हर्स टाकला. पाय वर घ्यायचे सांगायचे राहून गेले होते. दांडी भिकुबाईंच्या गुडघ्यावर बसली. त्या खाली उतरल्या, गुडघा चोळत ओट्यावर गेल्या आणि तिथल्या तपकिरी सीटवर मधोमध बसल्या. बसल्या बसल्या डोळे मिटले.

"हाई बेस शे," त्या म्हणाल्या.

नाना बेचाळीस म्हणाले. मग अडतीस. मग पस्तीस, आणि वर वेगाचा काटा दुरुस्त करून. आबांनी सगळे शांतपणे ऐकले आणि इसार परत मागितला. पाचशे रुपये यशोदाबाईंनी डब्यातून काढून दिले. नारळाचे काही करता येण्यासारखे नव्हते.

त्यानंतर आलेली गिऱ्हाइके नानांना एक नवी विद्या शिकवून गेली. गाडीत आपण जे घालतो त्याचे पैसे कोणी देत नाही, आणि ते का घातले हे मात्र प्रत्येक जण विचारतो. नरडाण्याचा एक व्यापारी गाडीखाली आडवा होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बॉक्स बदललाय. गाडी उलटली होती का?" गाडी उलटली नव्हती, बॉक्स ज्या गाडीचा होता ती उलटली होती, असे नानांनी खरे ते सांगितले. खऱ्याने नुकसान होते ते असे. व्यापाऱ्याने तिथल्या तिथे चार हजार कमी केले. दुसऱ्याला, गिअर चांगला असता तर कोण बदलेल, अशी शंका आली. तिसरा वडाप चालवणारा, शिटामागे भाडे घेणारा. त्याने पुढे किती शिटा बसतात ते विचारले, "एक" हे उत्तर ऐकले आणि आत न बघताच गेला. शेवटची बोली चोवीस हजारांवर आली. स्लॅबवाल्याने दुसरे काम धरले. वाळू मांजरांकडे राहिली.

आखाजीच्या आदल्या सकाळी दारात हॉर्न वाजला. लोटनआबा होते. हिरव्या ॲम्बॅसेडरमधून उतरत होते. मागे तीन लेकी, मांडीवर पोरं. पुढे निंबा, आणि मध्ये भिकुबाई, पण जरा तिरक्या, कारण त्या सीटची स्प्रिंग वर आली होती.

नानांनी गाडी ओळखली. तिचा वाकडा बंपर त्यांनीच एकदा वाकवला होता.

"झुलालभाऊनी दिधी," आबा म्हणाले. "इसारना दिन वळख व्हयनी ना. चाळीसमा." मग त्यांनी जे सांगितले ते असे, की झुलालभाऊ म्हणाला, हँड गिअरच्या गाड्या आता मिळत नाहीत, जपून ठेवली होती. सौदा चांगला झाला, सीट तेवढी वाईट. तर नानांच्या ओट्यावरची ती सीट विकायची आहे का?

यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"विकायची आहे," त्या म्हणाल्या. "दोन हजार."

"अक्का, सीट शे ती, सोफा नही."

"आबा, मी कमी करणार नाही. गाडीची किंमत तुम्ही कशी कबूल केली होती? एका शब्दात. आईची जागा होती म्हणून. जागा ही इथे आहे."

आबांनी आईकडे पाहिले. भिकुबाई गाडीतून उतरून केव्हाच ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. आबांनी दोन हजार मोजले. निंबाने सीट तिथेच बदलली. गाडी गेली तेव्हा मधोमध बसलेल्या भिकुबाई सरळ दिसत होत्या.

दोन हजारांत स्लॅब येत नाही. पण पत्र्याचा मोठा कूलर येतो, वाळ्याचे गवत लावलेला. तो त्याच दिवशी आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला. यशोदाबाईंनी नानांना बाहेर पाठवले आणि दार लावून घेतले, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी झुलाल आला. आखाजीला बहिणीला माहेरी न्यायचे, मुराळी म्हणून दर वर्षी तोच येई, हिरवी गाडी घेऊन. यंदा एस.टी.ने आला, हातात पिशवी.

"गाडी कुठाय?" नानांनी विचारले.

झुलालने चपला काढायला जास्त वेळ लावला. मग म्हणाला, "विकली दाजी. चांगलं गिऱ्हाईक आलं."

"तू तर गिअर खाली घेणार होतास."

"घेणारच होतो. म्हटलं, आधी तुमचं कसं होतं ते पाहू."

यशोदाबाईंनी कूलर बंद केला, ट्रंक भरली आणि भावाला म्हणाल्या, एस.टी.ची गर्दी कशाला, आखाजीला सगळी फुल असते, यांच्याच गाडीने जाऊ. झुलाल मागे बसायला निघाला होता, पण मागे यशोदाबाई, ट्रंक आणि सांजोऱ्यांचे डबे होते. तो सिंहासनावर बसला. डोके छताला लागले.

जळगावहून धुळ्याचा रस्ता सरळ आहे. एरंडोल, पारोळा, आणि पुढे धुळे. कुठेही गाडी मागे घ्यायचे कारण पडत नाही. तरी नानांना एरंडोलला पानाची टपरी जरा मागे राहिली असे वाटले. पारोळ्याला पंपावर हवा बघायची राहिली होती. फागण्याला त्यांना वाटले, उसाचा रस मागचा चांगला होता.

"दाजी, आधी सांगत जा ना," झुलाल गुडघा धरून म्हणाला.

"सवय नाही रे अजून," नाना म्हणाले आणि रिव्हर्स टाकला.