गोविंदमामांची दोन कपाटं

“तिथं नको ठेवू ते! हॉरर नव्हे ते, गोत्ता?”

ही आरोळी अग्रहारातल्या आमच्या गल्लीतून निघते, चामुंडीच्या डोंगराला प्रदक्षिणा घालून परत येते, तोवर वाचकाच्या हातातलं पुस्तक गळालेलं असतं. आरोळी आमचे शेजारी गोविंदमामा यांची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची लायब्ररी. ‘गोत्ता’ म्हणजे ‘कळलं का’. आम्हा मैसूरच्या मराठी माणसांच्या बोलण्यात कन्नड मिठाइतकं; मामांच्या बोलण्यात समुद्रच.

भीतीच्या पुस्तकांना त्यांनी दोन कपाटं केली होती. एका प्राध्यापकांनी डार्क फँटसी हॉररमध्ये ठेवली, तर मामांनी त्यांना पाऊण तास उभं करून शिकवलं. प्राध्यापक गावाबाहेर हूटगळ्ळीला राहायला गेले ते त्यामुळेच, असं मी सगळ्यांना सांगतो.

शिकवणी अशी: हॉररमध्ये चांगल्या चाललेल्या घरात काळोख शिरतो, आणि माणूस बाहेर पळायला बघतो. डार्क फँटसीत राज्यच काळोखाचं. पळायचं कुठं? तिथले कायदे शिकायचे आणि तिथंच संसार करायचा.

गेल्या वर्षापासून शारदामामींना विसर पडू लागला. सकाळी मामा त्यांचे यजमान असत, दुपारनंतर कुणी परके.

एका दुपारी ओरडणं ऐकू आलं, पण आवाज मामींचा. घरात कुणी माणूस शिरलाय म्हणून. मी धावलो. मामा पायरीवर उभे होते, चपला हातात, बगलेत बाजारातून आणलेली कॉफीची पुडी, दार आतून बंद. आयुष्यभर ओरडलेल्या या माणसानं चपला घातल्या, केस सारखे केले, थोडं थांबून फेरीवाल्यासारखी कडी वाजवली.

“अम्मा, कॉफीपूड.”

दार उघडलं. मामींनी त्यांना आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसवलं, पाणी दिलं, बायको कशी आहे विचारलं. बरी आहे, म्हणाले मामा. पुडी घेऊन मामी आत गेल्या.

मला राहवलं नाही. म्हणालो, “मामा, हे तर तुमचं पहिलं कपाट, हॉररचं.”

चुकीच्या कपाटावरून ते पहिल्यांदाच ओरडले नाहीत. रिकामा पेला सावकाश खाली ठेवला.

“नाही रे. उद्या पाव किलो आणायला सांगितलंय तिनं.”