खात्रीशीरचं हजारावं उत्तर

“माझा सल्ला चुकला, तर मिशी उतरवीन!”

ही ओळ ‘खात्रीशीर’ आपल्या प्रत्येक उत्तराखाली ठोकायचा. उत्तरं झाली होती नऊशे नव्व्याण्णव, आणि मिशी होती तिथेच होती. फरशी घासायच्या ब्रशासारखी, ताठ!

खरं तर हा गृहस्थ पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीमागे बसायचा. समोर नळ कोरडा पडलेली माणसं ताटकळायची आणि हा मान वर न करता सांगायचा, “उद्या या.” मान वर होणार कशी? मांडीवर फोन! फोनमध्ये ‘विचारा, लाजू नका’ नावाचा ग्रुप, आणि त्यात कुठकुठली अनोळखी माणसं विचारताहेत. फ्रीज कुठला घेऊ, इस्त्री चिकटते, टीव्हीवर रेषा येतात. त्यांना मात्र अर्ध्या मिनिटात उत्तर! कारण उघड आहे. नळाच्या तक्रारीला उत्तर दिलं की काम वाढतं, परक्याला दिलं की अंगठे मिळतात.

त्या सकाळी ‘गुपचूप बाई’ नावाच्या कुणीतरी विचारलं, “माझा फोन फार हळू चालतो. जागा संपली म्हणतो. काय करू?”

हजार उत्तरं झाली की नावापुढे सोनेरी बिल्ला लागतो. दुसरा कुणी टपकायच्या आत खात्रीशीरने हाणलं, “फॅक्टरी रीसेट मारा. दहा मिनिटांत फोन नवा कोरा!”

“पण यात काही व्हॉइस मेसेज आहेत, जपून ठेवलेले. ते राहतील ना?”

“अहो काकू, बॅकअप आपोआप होतो! कुठल्या जमान्यात आहात? बिनधास्त दाबा!”

बॅकअप चालू आहे का, एवढं विचारायला एक ओळ लागली असती. ती त्याने लिहिली नाही. बिल्ला लागला. खुशीत त्याने खिडकीतल्या म्हातारबुवांना सांगितलं, “उद्या या!”

दुपारी रांग तोडून त्याची धाकटी बहीण खिडकीशी आली. शिवणक्लास अर्धा सोडून आली होती. टेप अजून गळ्यात, डोळे सुजलेले.

“दादा, आई गेली रे!”

“अगं, वर्ष झालं त्याला...”

“आज पुन्हा गेली!” तिने फोन खिडकीवर आपटला. “तिचे अकरा मेसेज होते यात. रोज एक ऐकायचे मी. सगळे पुसले गेले! नेटवर कुणी मेला खात्रीशीर आहे, तो म्हणाला बिनधास्त दाबा! आणि खाली लिहितो काय, तर चुकलो तर मिशी उतरवीन!”

खिडकीमागे मिशीचं एक टोक खाली आलं.

“खात्रीशीर?” रांगेतला न्हावी ओरडला. “त्याचं ऐकून मी केस कापायचं मशीन नळाखाली धुतलं. जागेवर ठार!”

“मी कानातलं यंत्र तांदळात पुरलं,” सकाळपासून तिथून न हललेले म्हातारबुवा म्हणाले. “एक दाणा अजून कानात आहे!”

महिनोन् महिने एकमेकांकडे न बघणारी ती रांग क्षणात सख्ख्या भावंडांसारखी एक झाली.

“दादा, तुझा हात चांगला आहे लिहायला. झाड त्याला!”

“झाडा, झाडा!” रांग गरजली.

मांडीवरचा फोन चमकत होता : अभिनंदन, खात्रीशीर!

“आत्ता... नेट गेलंय गं. उद्या...”

“उद्या! म्हणूनच नेटवर गेले. आधी तुलाच विचारलं होतं, चार वेळा! चारही वेळा उद्या. या परक्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं. मला वाटलं, केवढा भला माणूस!”

“रडू नकोस. आई मलाही पाठवायची की मेसेज! माझ्याकडे असतील...”

त्याने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याला त्याचं पहिलंवहिलं उत्तर आठवलं : व्हॉइस मेसेज फुकट जागा अडवतात. न ऐकता उडवा. मी तेच करतो.

“काय म्हणायची गं ती त्यात?” त्याने हळूच विचारलं.

“काही नाही रे. गॅस बंद केलास का, गोळ्या आणल्यास का. आणि शेवटी दर वेळी, दादा फोन उचलत नाही, त्याला म्हणावं वेळेवर जेव.”

तिचा फोन घेऊन तो तीन दुरुस्तीवाल्यांकडे गेला. तिघांनीही तपासला, तिघांनीही मान हलवली. मग तो न्हाव्याकडे गेला.

“सगळी काढू?” न्हाव्याने उसन्या आणलेल्या मशीनला फुंकर मारत विचारलं. “का हो साहेब, पैज हरलात की काय?”

“काढ.”

संध्याकाळी बहिणीने दार उघडलं. दादाच्या हातात तिचा रिकामा फोन होता आणि नाकाखाली सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत कातडी. ती बघत राहिली. फोनकडे नाही, ओठाकडे.

“मी... तुला सांगायचं होतं...”

“उद्या ये,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.