फेलिक्स चालवताना

तोंडी परीक्षेला कुणीही येऊन मागे बसावं, हा नियम ज्याने केला त्याला बहुधा नातेवाईक नसावेत. ओर्नेल्लाच्या मागे दोघे बसले होते, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून.

एक आजोबा अमिल्कारे. इटलीतल्या पार्मात चाळीस वर्षं लॅटिन शिकवलेले. दुसरे काका, फादर चेलेस्तिनो. त्यांचं लॅटिन चर्चमधलं. दोघांनी महिनाभर तिला लॅटिन पढवलं आणि महिनाभर एकमेकांशी भांडले.

"सीझरच्या काळी 'फेलिकिस'च म्हणत, पोरी!"

"सीझर तुमच्या कानात सांगून गेला वाटतं? चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या 'फेलिचिस' चाललंय!"

पास झाल्यावर आजोबा स्कूटर देणार होते आणि काका ऑगस्टभर रिमिनीच्या समुद्रकाठच्या घराची किल्ली. पण एकाचा उच्चार केला की दुसऱ्याचं बक्षीस गेलंच म्हणून समजा.

परीक्षक पेलिझ्झारीबाई मायेने म्हणाल्या, "घाबरू नकोस. सोप्पं विचारते. 'फेलिक्स' हे विशेषण. अर्थ सांग आणि चालवून दाखव."

हाय रे कर्मा!

"फेलिक्स. म्हणजे सुखी, भाग्यवान," ओर्नेल्ला म्हणाली. इथवर भांडण नव्हतं. मागे दोन्ही माना डोलल्या.

"छान. पुढचं रूप?"

तिने मागे पाहिलं. आजोबा ओठांनी 'कि' करत होते, काका 'चि'.

"अगं, बोल की!"

ओर्नेल्लाने गळा धरला. "बाई, घसा बसलाय हो," ती कुजबुजली. "फळ्यावर लिहू?"

लिहिताना दोघांचीही अक्षरं तीच; एकाच c ला कुणी 'क' म्हणो, कुणी 'च'. तिने एकवचन, अनेकवचन, सगळं भराभर लिहून काढलं. बाईंना एक चूक सापडली नाही. मागून टाळ्या पडल्या, दोघांच्याही.

बाहेर येताच आजोबांनी तिला मिठी मारली आणि जुलैच्या उन्हात स्वतःचा मफलर तिच्या गळ्याभोवती आवळला.

"आता स्कूटर विसर. अशा घशाला वारा लागला तर?"

"आणि समुद्राची हवा? छे छे, ती तर त्याहून वाईट," काका म्हणाले. "ऑगस्टभर घरातच पडून राहा. मी सूप पाठवतो."

"अगदी बरोबर बोललात, फादर!"

"तुमचंही खरंच आहे, गुरुजी."

"अहो, माझा घसा ठणठणीत आहे!" ओर्नेल्ला किंचाळली.

दोघे थबकले.

"असं? मग म्हण पाहू," दोघे एकदमच म्हणाले, "फेलिक्सचं पुढचं रूप."

ओर्नेल्लाने मुकाट्याने मफलरला आणखी एक वेढा दिला.