मागून हाक येते म्हणे!

शालिग्रामच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, म्हणून मी ते विसरलो असं कुणी समजू नये. ते पत्र उशीखाली ठेवून मी रोज झोपत होतो! खरं म्हणजे झोपत नव्हतो.

शालिग्राम माझा अध्यापक विद्यालयापासूनचा मित्र. शहाद्याजवळ आपल्या गावी राहतो. त्याची बायको सखुबाई गेल्या वर्षी वारली. तिच्या नावानं तो गावात वाचनालय काढतो आहे. त्यानं लिहिलं होतं, 'उद्घाटनाला तू यायचंस आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचेस. पत्रिका छापायला टाकायची आहे, तेव्हा हो किंवा नाही कळव. नाही म्हणालास तरी मला राग येणार नाही. काहीच कळवलं नाहीस, तर मात्र वाईट वाटेल.'

दोन शब्द! मी सुरतेच्या मराठी शाळेत आयुष्यभर बोललो, हे खरं आहे. पण ते मुलांसमोर. मुलं ऐकत नसतात, म्हणून जमलं! मोठी माणसं ऐकतात. नुसत्या कल्पनेनं माझी जीभ वाळत घातलेल्या पापडासारखी होते. म्हणजे हो म्हणवत नव्हतं. आणि सखुबाईच्या नावाला नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

"अहो, फोन करा आणि काय ते सांगून मोकळे व्हा!" आमची उज्ज्वला म्हणाली.

"करणारच आहे. पण आधी फोनचा प्लॅन बदलून घेतो. फार महाग आहे. एकदा स्वस्त झाला की निवांत बोलेन."

"बोलणं फुकटच आहे त्यात. कितीही बोला."

"प्रश्न तत्त्वाचा आहे!" मी चष्मा पुसत म्हणालो. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. "आठ दिवसांत कंपनीला निम्म्यावर आणतो की नाही बघ!"

"तुम्ही?" तिनं पोळी उलटायची थांबवली. "भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली, तरी त्याला 'आभारी आहे' म्हणून येता तुम्ही!"

आता वांगी किडकी निघाली, त्यात त्याचा काय दोष? तो काय आत शिरून बघणार होता? पण ते जाऊ द्या.

मी खालच्या मजल्यावरच्या कुंदनकडे गेलो. कुंदन रिंगरोडच्या कापड मार्केटात दलाली करतो. भाव पाडल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यानं मांडववाल्याशी घासाघीस केली होती!

"काका, एकदम सिंपल छे," तो म्हणाला. "भाव विचारायचा. 'जास्त आहे' म्हणायचं. आणि उठायचं. बस! पायरीपर्यंत जायचं. मागून हाक येतेच. मार्केटमध्ये आजपर्यंत मला विदाउट हाक कुणी पायरी उतरू दिली नाही."

"आणि नाही आली तर?"

"येतेच, काका! पण मागे वळून बघायचं नाही हं. बघितलं की भाव गेला."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून कंपनीच्या दुकानात गेलो. आत असा गारवा की चष्म्यावर धुकं आलं. टोकन मिळालं. नंबर आला. टायवाल्या तरुणानं प्लॅनचा भाव सांगितला. "जास्त आहे," मी म्हणालो. निदान मनात तरी म्हणालोच. आणि उठलो!

अगदी सावकाश चाललो. सासरी निघालेली नवरी तरी जरा घाईत जात असेल. मागे वळून बघायचं नव्हतं, पण तीनदा बघितलं. टायवाला पुढच्या माणसाचं टोकन घेत होता. दारावरच्या रखवालदारानं काचेचं दार उघडलं आणि वर सलाम ठोकला! मी पायरीवर आलो. थांबलो. ऊन डोक्यावर चढलं. पलीकडे लोचो नावाचा सुरती नाश्ता विकणारा दोनदा विचारून गेला, "काका, कोनी राह जुओ छो?" कुणाची वाट बघतोय हे त्याला कसं सांगू?

आणि मागून हाक आली!

"अंकल!"

माझं काळीज उडालं. कुंदन, तुझ्या तोंडात साखर पडो!

"अंकल, दरवाजे से हटो ना! एसी बाहर जा रहा है."

"हाक आली होती," असं मी कुंदनला सांगितलं. कशासाठी, ते मात्र सांगितलं नाही.

"हरकत नाही," तो म्हणाला. "आता मोठी पायरी उतरू." त्यानं माझ्या फोनवरून नंबर पोर्ट करायचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीत न्यायचा, संदेश पाठवला. "नुसती धमकी आहे, काका. आता बघा, कंपनी स्वतः फोन करेल. स्वस्तात देईल. तुम्ही फक्त कडक राहायचं."

मी कडक राहायची तयारी केली. म्हणजे एक कागद लिहून काढला. 'महोदया, आपल्या सेवेविषयी नितांत आदर बाळगूनही मला खेदपूर्वक नमूद करावेसे वाटते...' उज्ज्वलानं तो वाचला आणि न बोलता आत गेली. आमच्या घरात हा सगळ्यात वाईट अभिप्राय आहे.

फोन आलाच! त्या वेळी कागद नेमका दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात होता.

"सर, मैं शीतल बोल रही हूँ. आपने पोर्ट की रिक्वेस्ट डाली है. क्या तकलीफ है, सर? नेटवर्क की?"

"नहीं नहीं, बेटी. नेटवर्क अति उत्तम है."

"बिल की?"

हाच तो क्षण! उज्ज्वला समोर उभी राहून मुठी आवळत होती.

"बिल..." मी म्हणालो, "बिल भी बिल्कुल समय पर आता है."

उज्ज्वलानं कपाळावर हात मारला.

"फिर छोड़कर क्यों जा रहे हैं, सर?"

आता हिला खोटं कसं सांगायचं? "मैं जा नहीं रहा," मी म्हणालो. "सिर्फ पायरी तक आया हूँ."

पलीकडे फस्सकन हसू. "पायरी? बाबा, तुमनं गाव कोनतं शे?"

झालं! गावाकडची बोली कानावर पडली आणि माझ्या कडकपणाचा शिरा झाला. ती शिरपूरची निघाली. मी शहाद्याकडचा. तिचे आजोबा शाळेत शिपाई होते. पाऊसपाणी झालं, केळी झाली, कापूस झाला. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, सवलत फक्त खरंच जाणाऱ्यांना मिळते. तुम्ही तर राहताय. पण चार सिमवाला फॅमिली प्लॅन आहे बघा. माझा आज एकपण झालेला नाही. टीम लीडर मागेच उभा आहे."

मला तो टीम लीडर दिसला. शाळातपासणीला आलेल्या साहेबासारखा, हाताची घडी घालून.

"लिही बाई, लिही," मी म्हणालो.

बिल जवळजवळ दुप्पट झालं.

"निम्म्यावर आणणार होतात ना?" उज्ज्वलानं विचारलं.

"थोडं उलटं झालं," मी म्हणालो.

आधीचं सिम धरून चार. बाकीची तीन घरपोच आली. उज्ज्वलानं ती टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. "घरात माणसं दोन. त्यातलं एक आजपासून तुमच्याशी बोलणार नाही. ही कुणाला देणार? कावळ्यांना?"

"शीतलला फोन करून नको म्हणून सांगता येईल..."

"मग सांगा!"

"पण तिला काय वाटेल!"

यावर ती खरोखरच दोन दिवस बोलली नाही. त्या दोन दिवसांत मी उशीखालचं पत्र काढून वाचलं. 'काहीच कळवलं नाहीस, तर मात्र वाईट वाटेल.' शालिग्राम छापखान्याच्या बाकावर बसलाय, छापणारा विचारतोय 'पाहुण्याचं नाव?' आणि तो म्हणतोय 'थांबा जरा'. असं काहीबाही डोळ्यांसमोर येई. फोन हातात घेई आणि खाली ठेवी. आधी हा प्लॅन निस्तरू, मग मोकळ्या मनानं बोलू!

शीतलला नको म्हणणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी ती कंपनीच गुपचूप सोडायचं ठरवलं. पंगतीत वाढपी आग्रह करायला लागला की मी असाच मागच्या दारानं निघून जातो. आमच्या गोडादरा भागातल्या नाक्यावर छत्री लावून सिम विकणारा बसतो. त्याच्याकडे गेलो. कुंदननं मागवलेला पोर्टचा कोड फोनमध्ये होताच. फोटो काढला, अंगठा दिला. "पुराना बंद हो जाए, तब नया डालना," तो म्हणाला. घासाघीस नाही, धमकी नाही, पायरी नाही. प्लॅनही खरोखरच स्वस्त! मी तरंगत घरी आलो.

दोन दिवसांनी सकाळी जुनं सिम बंद पडलं. मी वर्तमानपत्र पसरलं, फोनचं झाकण काढलं आणि सगळी सिमं ओळीनं मांडली. जुनं, फॅमिलीतली तीन आणि छत्रीवाल्याचं नवं. नखाएवढ्या त्या चकत्यांवरचं काही मला वाचता येईना. भिंग आणायला पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो. भिंग एका जुन्या प्रवासवर्णनावर ठेवलेलं होतं. सहज एक पान उघडलं. लेखक नेमका घाटात अडकला होता. त्याला तसाच टाकून कसा येऊ?

तो घाटातून सुटला तेव्हा खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवून पुढे गेली होती. मी टेबलाशी आलो. टेबल लख्ख!

"इथले कागद?"

"दिले गाडीत!" उज्ज्वला म्हणाली. "ती तुमची सगळी फॅमिली कागदात गुंडाळली आणि दिली. सकाळपासून तोंड बघत होते मी तिचं!"

मी सपाता फटफटवत धावलो. या वयात मी धावतो आहे, हे बघून सोसायटीतल्या बायका गॅलरीत आल्या. कोपऱ्यावर गाडी गाठली. सफाईवाल्या बाईंनी विचारलं, "काय पडलं, काका? सोनं गेलं का?"

"मित्र गेला," मी धापा टाकत म्हणालो.

त्यांनी गाडीत डोकावून बघितलं आणि फार सहानुभूतीनं मान हलवली. वर अख्ख्या सोसायटीचा कचरा पडलेला होता.

कारण आता ध्यानात आलं का? माझ्या त्या जुन्या फोनमध्ये सगळे नंबर सिमवर साठवलेले. शालिग्रामचाही! उज्ज्वलाकडे तो नाही, कारण मी माझ्या मित्रांचे फोन स्वतःच करतो, असा माझा बाणा. पत्रावर नुसता पत्ता. आयुष्यभर मुलांना 'लिहून घ्या, लिहून घ्या' म्हणत आलो आणि स्वतः एक नंबर लिहून ठेवला नाही! छत्रीवाल्याकडे दुसरं सिम मागायला गेलो, तर नाक्यावर नुसता छत्रीचा दगड उरलेला.

त्या दुपारी मी टेबलाशी बसलो. फोन नव्हता, प्लॅन नव्हता, सबबसुद्धा उरली नव्हती. मग लिहिलं.

'प्रिय शालिग्राम, नाही. मला भाषण जमणार नाही. पत्रिकेवर माझं नाव घालू नकोस. वहिनी किराण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. अशा बाईबद्दल दोन शब्दांत बोलायला मी कुणीतरी मोठा हवा होतो. पण मी येतो. चार दिवस आधी येतो. पुस्तकांना कव्हरं घालीन, नंबर टाकीन, कपाटं लावीन. उद्घाटनाच्या वेळी मला कपाटामागे उभं राहू दे, म्हणजे झालं. उशीर झाला. क्षमा कर.'

उज्ज्वलानं पत्र मागून घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. पदरानं चष्मा पुसला.

"आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नाही म्हणालात!" ती म्हणाली. "मीही येते. कव्हरं तुम्हाला सरळ घालता येत नाहीत. आता जा, टाकून या. पायरीपर्यंत जाऊन परत येऊ नका म्हणजे मिळवली!"

मी पोस्टात गेलो. लाल पेटीसमोर उभा राहिलो आणि जपून पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला आणि छाती जरा फुगली. जमलं! मला जमलं!

पायरी उतरलो आणि पत्राची शेवटची ओळ आठवली. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! सहीखाली मी लिहून गेलो होतो : 'मिळताच फोन कर. वाट बघतो. नंबर तोच आहे.' आणि तो नंबर तर कचऱ्याच्या गाडीतून गेलेला!

मी पुन्हा पायरी चढलो आणि पेटीच्या फटीत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, पाकीट काही लागेना. आणि तेवढ्यात, अगदी स्पष्ट, मागून हाक आली.

"ओ काका! हात बहार काढो! पोलीसने बोलावूं?"

कुंदन खोटं बोलत नव्हता. हाक येते.