तात्यांना मॉलिफाय केलं त्याची गोष्ट

त्या रविवारी बायकोला घरकामात मदत करायची असं मी ठरवलं. (अशी बुद्धी मला क्वचितच होते, आणि झाली की बरेच दिवस निस्तरावी लागते.) मनकर्णा भाजीला गेली होती. मी दिसतील ते कपडे गोळा केले आणि मशीनमध्ये कोंबले. त्यात तिची नवी लाल साडी होती, आणि करमाडहून आमच्याकडं गारखेड्याला मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांचं, तात्यासाहेबांचं, पांढरंशुभ्र ठेवणीतलं धोतर होतं.

धोतर बाहेर आलं ते गुलाबी होऊन.

तात्यांनी ते उजेडात धरलं. "जावईबापू, हे नेसून मी सोयरिकीच्या बैठकीला जाऊ का तमाशाला?"

एवढं बोलून ते रुसले. जेवले नाहीत, चहाला शिवले नाहीत. पिशवी भरून दाराशी बसले. "उद्या मला करमाडच्या गाडीत बसवून द्या."

मनकर्णानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तात्या असे रुसून गेले, तर दिवाळीला मला न्यायला माहेरचं कुणी फिरकायचं नाही. तुम्हीच रंगवलंय, तुम्हीच निस्तरा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी शेजारच्या टेबलावरच्या गयासपुढं गाऱ्हाणं मांडलं. गयासला इंग्रजी शब्दांचा शौक. तो म्हणाला, "मियाँ, ससुरे को मॉलिफाय करो."

"काय करू?"

"मॉलिफाय! गुस्सा ठंडा करना. लॅटिन में मॉलिस यानी नरम. उसी से निकला. आदमी को नरम करना!"

मला शब्द भलताच आवडला. मूळच मऊ, तर इलाजही मऊ हवा! हाफ डे टाकून औरंगपुऱ्यात गेलो आणि एक मऊसूत धोतर नि कापसाची उशी घेतली. तिथूनच उत्साहानं घरी फोन लावला.

"तात्यांना थांबवून ठेव. संध्याकाळी मी त्यांना मॉलिफाय करणार!"

"काय?" मागं रिक्षांचे भोंगे.

"मॉलिफाय! मॉलि..."

"बरं बरं, कळलं," म्हणून तिनं फोन ठेवला.

घरी आलो तर तात्या फेटा बांधून, अत्तर लावून दारात उभे. चेहरा किंचित उजळलेला.

"चला. पोरगी म्हणती, तुम्ही मला मॉल दाखवणार. करमाडातले निम्मे लोक त्या सरकत्या जिन्यावर चढून आले. मीच राहिलो व्हतो."

शहाणा माणूस मुकाट्यानं निघाला असता. मी खुलासा केला.

"मॉल नव्हे, तात्या. मॉलिफाय. म्हणजे राग शांत करणं. लॅटिनमध्ये मॉलिस म्हणजे मऊ. तुम्हाला मऊ करायचं होतं," असं म्हणून मी नवं धोतर नि उशी पुढं केली.

"मला मऊ करणार? मी काय शिजायला टाकलेली तुरीची डाळ हाय?"

तात्या फेटा सोडायला लागले. एक फेरा सुटला, दुसरा सुटला. त्यांच्या खांद्यावरून मनकर्णानं माझ्याकडं पाहिलं. (त्या नजरेचं मूळ लॅटिनमध्ये नव्हतं, थेट माहेरात होतं.)

"अहो तात्या, मॉलिफायमध्ये पहिलं मॉलच येतं की!" मी ओरडलो. "तिथं नेल्याबिगर ते होतच नाही!"

तात्यांचा हात थांबला. "मग आधी तसं बोलायचं," म्हणून त्यांनी फेटा पुन्हा गुंडाळला.

मॉलमध्ये तात्यांनी धोतराचा सोगा धरला, बैलगाडीत पाय ठेवावा तसा सरकत्या जिन्यावर ठेवला आणि निवडून आल्यासारखे वर गेले. मागोमाग मनकर्णा. मी पाय उचलला की पायरी निघून जायची. पुन्हा उचलला, पुन्हा गेली. माझ्यामागं रांग लागली.

वरून तात्यांचा आवाज सगळ्या मॉलभर घुमला, "अहो, त्यो आमचा जावई हाय! लॅटिन लई येतं त्याला, जिना तेवढा येत नाय!" आणि कठडा धरून ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. राग कुठल्या कुठं गेला होता. शब्द खरा ठरला म्हणायचा.

शेवटी वॉचमननं मला दंडाला धरून लिफ्टमध्ये नेलं. तिथं एक थकलेल्या आजीबाई होत्या. लिफ्ट हलली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"भिऊ नको, बाळा. कुणासंगं आलास?"

"सासऱ्यांसंगं," मी म्हणालो, आणि दार उघडेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.