बिरूमामांचे हातमोजे

मे महिन्यात भर दुपारी लोकरीचे हातमोजे घालून सायकल चालवणारा माणूस सोलापुरात मला एकच माहीत आहे. बिरूमामा. मोजे मरून रंगाचे, डाव्या अंगठ्याशी उसवलेले. भवानी पेठेतल्या दुकानदारांना आता त्याची सवय झाली आहे. नवा माणूस वळून बघतो. एकदा चौकात वाहतूक पोलिसाने त्यांना थांबवून विचारलं, "मामा, ताप आहे का अंगात?"

"ताप न्हाय, सायेब. ड्युटीवर चाललोय."

ड्युटी पंचकर्माच्या दवाखान्यात. आयुर्वेदात औषधी तेल किंवा काढा गुदद्वारातून पोटात सोडतात, त्याला बस्ती म्हणतात. कंबर, सांधे, जुना वात अशा तक्रारींवर तो देतात. कुणाला कशाचा आणि किती, हे वैद्य मॅडम ठरवतात. देतात बिरूमामा. सत्तावीस वर्षं ते हे काम करतात आणि सत्तावीस वर्षं, उन्हाळा असो की हिवाळा, घरून निघताना हातात मोजे. कारण बस्तीच्या आधी कंबरेला तेल चोळावं लागतं.

"गार हात लागला की माणूस आवळतंय," मामा सांगतात. "आन् आवळलेल्या माणसाला औषध दिऊन काय उपेग? भाईरच्या भाईर परत."

"आवळू नका" हे त्यांचं सगळ्या जगाला सांगणं आहे. सही जुळत नाही म्हणून अडवून धरणाऱ्या बँकेतल्या कारकुनाला ते हेच म्हणाले. दोन रिक्षावाल्यांच्या भांडणात पडून हेच म्हणाले आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. दवाखान्यातली लाकडी टेबलं जुनी आहेत. त्यावरचा माणूस दचकला की टेबल कुरकुरतं. मामा त्या आवाजावरून माणसाची परीक्षा करतात. मी पहिल्यांदा तिथे झोपलो तेव्हा टेबल चांगलंच कुरकुरलं.

"पेपरवाले," मामा म्हणाले, "बातमी दाबून धरल्यागत काय झोपलाय? सोडा की अंग."

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करतो. खुर्चीने कंबर धरली म्हणून दोन वर्षांपूर्वी मॅडमकडे गेलो. त्यांनी आठ दिवसांचा क्रम लिहून दिला. पहिल्या दिवशी तेल, दुसऱ्या दिवशी काढा, असं एकाआड एक, आणि शेवटचे दोन्ही दिवस तेल. त्या आठ दिवसांत मामांची ओळख झाली, ती टिकली.

मामा सांगोल्याकडचे. बापाची मेंढरं होती. वयाच्या दहाव्या वर्षी मेंढीच्या पोटावर हात ठेवून ते तिचं दुखणं सांगायचे, असं ते म्हणतात, आणि यावर शंका घेतलेली त्यांना चालत नाही. मेंढरं विकल्यावर ते शहरात आले. "मेंढराला बोलता येत न्हाय," ते म्हणतात. "माणसाला येतंय, पण सांगत न्हाय. मेंढरू परवडलं."

'डाव्या कुशीवर वळा, डावा पाय सरळ, उजवा पोटाशी घ्या, भिंतीकडे बघा' ही वाक्यं त्यांना मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत येतात. मराठी सोडली तर बाकीच्या तीन भाषांत याखेरीज काहीही येत नाही. एका तेलुगू यंत्रमागवाल्याने खूश होऊन त्यांच्याशी तेलुगूत गप्पा सुरू केल्या, तेव्हा मामांनी त्याला पुन्हा एकदा डाव्या कुशीवर वळायला सांगितलं.

काढ्याचा बस्ती तयार करताना ते बोलत नाहीत. आधी मध, मग सैंधव, मग तेल, मग वाटलेलं औषध, शेवटी काढा. हा क्रम चुकला तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. या वेळात मॅडमचा फोन आला तरी ते घेत नाहीत.

तेलाच्या बस्तीचा नियम वेगळा. तो जेवणानंतर लगेच द्यायचा, इतका लगेच की जेवून धुतलेला हात वाळायच्या आत. रोगी घरून जेवून आलो म्हणून सांगतात, त्यावर मामांचा विश्वास नाही. काढ्याच्या खोलीतल्या शेगडीवर ते स्वतः मुगाची मऊ खिचडी करतात, वर तूप आणि चिमूटभर सुंठ. व्हरांड्यातल्या बाकावर रोग्याला बसवतात आणि आपला डबा उघडून शेजारी बसतात. दोघांचं जेवण संगतीने व्हायला पाहिजे, असं ते म्हणतात. पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही, हे मी मॅडमना विचारून घेतलं आहे.

"मामी गेल्यापासून ते असं करतात," मॅडम म्हणाल्या. "करू देत."

मामी जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक मुलगी रेखा, तिचं नऊ वर्षांपूर्वी केम गावी लग्न झालं. मामा पेठेतल्या एका खोलीत एकटे राहतात. काढा उपाशीपोटी देतात, म्हणून काढ्याच्या दिवशी जेवायला सोबत नसते. त्या दिवशी ते शेगडीपाशी उभ्यानेच अर्धी भाकरी खातात. एकदा वाढता वाढता ते म्हणाले होते, "एकट्याचा घास उतरत न्हाय, पेपरवाले." आणि लगेच मला सुंठीचे गुण सांगू लागले.

गेल्या डिसेंबरात माझी कंबर पुन्हा धरली. पहिल्या दिवशी अकरा वाजता दवाखान्यात गेलो, तर मामा काढ्याच्या खोलीत एक केसपेपर हातात धरून उभे होते. तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"व्याही आल्यात."

"मग चहा पाजा की त्यांना."

"भेटाय न्हाय आलं. बस्तीला आल्यात."

व्याही म्हणजे रेखाचे सासरे, किसनराव. केमला बागायत शेती, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. लग्न ठरवताना मामींनी त्यांना सांगितलं होतं की, पोरीचे वडील दवाखान्यात औषधं बनवतात. ते खोटं नव्हतं. पण पुढचं सांगितलं नव्हतं, आणि मामांकडूनही शपथ घेतली होती. पोरीच्या सासरी हे काम कळता कामा नये, लोक तिला हसतील. मामी गेल्या, शपथ राहिली. मामांनी ती नऊ वर्षं पाळली होती. सणाला केमला जाताना मोजेसुद्धा पिशवीत ठेवून जायचे.

"मॅडमना सांगा," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला देऊ दे."

"दुसरं कोण हाय बाप्यांना बस्ती द्यायला?" मामा म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "अवो, पोरीचा सासरा हाय. त्याला टावेल-टोपी दिऊन वाकून नमस्कार करतो मी. त्याला कसं सांगू, उजवा पाय पोटाशी घ्या म्हणून?"

शेवटी त्यांनी तोंडाला मास्क लावला, डोक्याला फडकं गुंडाळलं. प्रश्न आवाजाचा उरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पेपरवाले, तुमी बोला."

खोलीत दोन टेबलं आहेत, मध्ये हिरवा पडदा. मी माझ्या टेबलावर उपडा पडून पडद्याकडे तोंड केलं आणि म्हणालो, "डाव्या कुशीवर वळा. डावा पाय सरळ. उजवा पोटाशी घ्या."

"आवाज तिकडनं कसा येतुय?" किसनरावांनी विचारलं.

"मामांचा घसा बसलाय. मी सांगतो."

"तुमी डॉक्टर काय?"

"नाही. पेशंट."

"बरं," किसनराव म्हणाले आणि वळले. टेबल कुरकुरलं नाही, याची मी नोंद घेतली.

असे सात दिवस गेले. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून "आवळू नका" निघून गेलं, तेव्हा मामांनी पडद्याआडून माझ्या टेबलाला गुडघ्याने ढोसलं. रोज संध्याकाळी रेखाचा फोन यायचा. मामा सहज विचारल्यासारखं विचारायचे, "सासरं कुटं हायत?" ती म्हणायची, "सोलापुरातच हायत की, भाच्याकडं. डोळं दाखवाय गेल्यात." हे सकाळी मला सांगताना मामांच्या डोळ्यांत जरा धीर दिसायचा. "डोळं म्हनं. त्यांनी बी घरी लपवलंय. म्हंजी त्यांना बी लाज हाय. कुटं बोलायचं न्हाईत."

एवढं सगळं जमलं, पण जेवणाचं जमलं नाही. मास्क काढल्याशिवाय जेवता येत नाही. तेलाच्या दिवशी मामा बाकावर आम्हा दोघांची ताटं ठेवायचे आणि तेल गरम करायचं आहे अशी खूण करून आत जायचे. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी त्यांचा डबा न उघडता सायकलला परत लागला. सातव्या दिवशी मी विचारलं. "भूक न्हाय," ते म्हणाले. दुपारचे पावणेदोन वाजले होते.

आठव्या दिवशी ताटं आली. मामा आत वळले. मी घास घेतला. किसनरावांनी हात लावला नाही.

"गरम आहे तोवर खा," मी म्हणालो.

"खातो की." त्यांनी दाराकडे तोंड केलं. आवाज चढवला नाही. "व्याही, ते तोंडावरलं काढा आन् डबा घिऊन भाईर या. चार जेवणं झाली, तुमी उपाशी हाय."

आत पळी वाजत होती, ती थांबली. मामा दारात आले. मास्क तसाच.

"कवा वळखलं?"

"पयल्या दिशी. लग्नात व्याहीभेटीला तुमी माजा हात धरला हुता, तवाच घरात म्हणलं, पोरीच्या बापाला ताप हाय वाटतं. त्योच हात कंबरंला लागला. असलं हात दुनियेत दोन आसत्यात व्हय?"

मामांनी चौकट धरली. "रेखाला बोल लावू नगा," ते म्हणाले. "तिचा काय दोष न्हाय. तिच्या आईनं मला शपथ घातली हुती. म्या लपवलं."

"तुमी लपवलं, खरं हाय. रेखानं कुटं लपवलंय?" किसनराव म्हणाले. "लग्नाच्या वर्षीच सांगून बसली. आमचं बापू बस्ती देत्यात, त्यांच्यावानी हात कुणाचा न्हाय. दोन वरसं माजी कंबर दुखतीया, आन् दोन वरसं तिचं एकच, बापूंकडं जावा. म्याच येत नव्हतो."

"का?"

"का म्हंजी? चेअरमन माणूस. व्याह्यापुढं असं कसं झोपायचं?"

"मग डोळं..."

"ते गावाला सांगितलंय. घरात सगळ्यास्नी म्हायती हाय. रेखा फोनवर तुमाला तेच सांगती, मी सांगितलंय म्हणून."

मामांनी चौकट सोडली. मग म्हणाले, "सात दिस बोलला न्हाय तुमी."

"वाट बघत हुतो, तुमी कवा बोलताय. तुमी न्हाय, हे पेपरवालंच बोलत्यात."

मी ताटात बघत राहिलो.

"ती सांगती?" मामांनी विचारलं. "भाईर, लोकास्नी?"

"इचारंल त्याला. गावातली दोघं तयार करून ठिवल्यात तिनं, पुढच्या म्हैन्यात धाडणार हाय. आता तुमीच आवळू नका, व्याही. बसा."

मामांनी मास्क काढून खिशात ठेवला. पहिल्या दिवसानंतर प्रथमच मी त्यांची दाढी बघितली. ती वाढली होती. डबा आणून ते बाकाच्या टोकाला बसले. किसनराव सरकले आणि त्यांना मधे घेतलं. डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी होती. किसनरावांनी चटणीकडे हात नेला. मामांनी डबा उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला.

"बस्ती हाय. चटणी न्हाय."

"व्याह्याला नको म्हणताय?"

"व्याह्याला न्हाय. पेशंटला."

मग दोघे जेवले. मामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. रेखा खिचडीत सुंठ जास्त घालते की कमी यावर दोघांचं एकमत झालं नाही.

जेवून आम्ही तिघांनी टाकीच्या नळावर हात धुतले. डिसेंबरचं पाणी बोटांना झोंबत होतं. हात वाळायच्या आत झोपायचं, म्हणून किसनराव तडक आत गेले. मी माझ्या टेबलावर चढलो आणि पडद्याकडे तोंड केलं, पण मला बोलावं लागलं नाही. पलीकडचा माणूस न सांगता डाव्या कुशीवर वळला होता.

"उजवा पाय पोटाशी घ्या," मामांचा आवाज आला. आणि मग, "व्याही, थांबा वाईच. हात गार हाय. मोजं आत खुटीला राहिल्यात, घालून येतो."

"कुटं जाऊ नका. माजा हात वाळंल."

"गार लागंल तुमाला."

"लागू द्या की. लावा तसाच."

मी कान देऊन ऐकत होतो. टेबल कुरकुरलं नाही.