किल्ली माझ्या गळ्यात

छातीठोकपणे सांगतो, केनियातल्या या केरिचोच्या डोंगरांत माझ्यासारखं पॅनेल कुणीच बसवलेलं नाही! आमच्या चहाच्या कारखान्यात पट्ट्याला, पंख्यांना, ड्रायरला हुकूम सोडतो तो या पॅनेलमधला चोवीस व्होल्टचा डीसी पॉवर सप्लाय. त्याच्या प्रत्येक वायरीला मी वेगळा ट्रिपचा खटका दिला. एकीत बिघाड झाला तर तेवढीच बंद, बाकी कारखाना चालू! गरम हवा बाहेर पडायला पॅनेलच्या छतावर जाळी. आणि दाराला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात!

"साहेब, आता याला कुणी हात लावून दाखवावा," मी सकाळी मॅनेजर बेटसाहेबांना म्हणालो. साहेबांनी मान हलवली आणि छताकडे बघितलं. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

दुपारी पट्टा थांबला!

पट्ट्यावर दोन खोऱ्यांतल्या मळेवाल्यांचा पाला आंबायला पसरलेला. तो वेळेत ड्रायरमध्ये गेला नाही तर सगळा वाया. मळेवाल्या बायका धावत आत आल्या. कारखाना त्यांच्याच मालकीचा, त्यांना अडवणार कोण?

"टोनुई!" साहेब कडाडले. "पाला गेला तर सभेत तुला या बायकांसमोर उभा करीन. मग तू आणि त्या!"

मी कुलूप काढलं. बघतो तर ट्रिपचे सगळे खटके जागच्या जागी, एकही पडलेला नाही. सप्लाय मात्र गार पडलेल्या चुलीसारखा गप्प. मी एक स्क्रू आवळला. सप्लायवरचा दिवा हिरवा! पट्टा चालू!

"स्क्रू ढिला होता," मी रुबाबात सांगून दार लावलं.

थोड्या वेळाने पुन्हा बंद! मी वायर बदलली. चालू! दार लावलं. बंद! ट्रिप बदलला. चालू! दार लावलं. पुन्हा बंद!

"टोनुईदादा, आता काय भिंत बदलणार?" माझी जोडीदार वायरमन चेपन्गेनो म्हणाली. तांबूस पाला काळपट दिसायला लागला होता. एक म्हातारी पट्ट्याशी उभी राहून पाल्याचा वास घेत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी खरोखर घाबरलो होतो.

वैतागून मी पुन्हा दार उघडलं आणि तसंच ठेवून डोकं धरून बसलो. काहीही केलं नाही. तरी दिवा हिरवा!

"अगं, मी काही दुरुस्त केलंच नव्हतं!" मी ओरडलो. "दार उघडलं की हा निवतो, लावलं की तापून बंद पडतो. वर जाळी असून तापतो कसा? स्टूल आण!"

"वर कशाला?" साहेब एकदम म्हणाले. "वर काही नाही!"

त्यांना विचारलं होतं कुणी?

मी चढलो. जाळीवर साहेबांच्या ऑफिसातली लाल चौकड्यांची शाल नीट दुमडलेली. शालीखाली टोपली. टोपलीत अकरा अंडी!

"खुडूक कोंबडी मुंगसाने नेली रे," साहेब कुजबुजले. "दोन दिवसांत पिल्लं निघतील, तोवर ऊब हवी. दया कर!"

एका हाताने मी शालीसकट टोपली उचलली. जाळीतून गरम हवेचा झोत तोंडावर आला. दार लावलं. सप्लाय चालूच राहिला आणि पट्टा सरकला. साहेबांनी टोपली झटकन कोटाखाली घेतली. ड्रायरमधून पहिला चहा निघाला, म्हातारीने उकळून चाखला आणि म्हणाली, "वाचला." मी भिंतीला टेकलो.

वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेलपुढे बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात अंड्यांची टोपली!

"बायांनो, हे चालणार नाही!"

"का नाही?" म्हातारी म्हणाली. "कारखाना आमचा, पॅनेल आमचं, मग ऊब काय एकट्या साहेबाची?"

कुलपाची किल्ली अजून माझ्या गळ्यात आहे. तिला कुणी विचारत नाही. मी दिवसभर पॅनेलशेजारी स्टुलावर बसून छत राखतो. काल साहेब आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "टोनुई, बसलाच आहेस, तर ही दोन अंडी मांडीवर घे. नऊ पिल्लं निघाली, ही मागे राहिलीत."

घेतली. काय करणार? साहेब आहेत!